झेंडू वीतभर असतानाच कळीवर आलाय, आता काय देऊ?

पत्र थोडक्यात असं: पलूस तालुक्यातल्या एका ताईंनी यंदा पहिल्यांदाच २० गुंठ्यांत झेंडू केला. पती नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात, शेत त्याच बघतात. उसाचा खोडवा (पहिल्या तोडणीनंतर फुटलेलं पीक) तुटून गेल्यावर पाचट (वाळलेली पानं) आणि बुडखे रोटरने मातीत मिसळले, बचत गटातून कर्ज काढून ठिबक केलं आणि चार हजार रोपं आणली. जुलैच्या पावसात वाफसा (मशागतीजोगी ओल) आला नाही म्हणून रोपं नर्सरीतच दोन आठवडे जास्त थांबली. लागण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली. आता महिना होत आला. वरच्या अंगाची रोपं बरी आहेत, पण निम्म्याहून जास्त रोपं वीतभर उंचीवरच थांबलीत आणि त्यांना कळ्या लागल्यात. दुकानातून सांगितलं म्हणून ह्युमिक, समुद्री शेवाळाचं टॉनिक आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) दुप्पट सोडून झालं, फरक पडला नाही. दीर म्हणतात, "वहिनी, हे मोडा आणि ऊस लावा." सासूबाई म्हणतात, कळ्या आल्याच आहेत तर गणपतीत फुलं विकून मोकळी हो. ताई विचारतात, "नेमकं कोणतं औषध देऊ? का माझ्या हातालाच यश नाही?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनातून गेल्याशिवाय पुढचं नीट वाचलं जाणार नाही. वरच्या अंगाची रोपं बरी आहेत असं तुम्हीच लिहिलंय. ती कुणी लावली? तुम्हीच. त्याच दिवसांत, त्याच बायकांना घेऊन, त्याच ठिबकवर. ती वाढली आणि खालची थांबली. म्हणजे फरक हातात नाही. तो जागेत आहे नाहीतर रोपात आहे, आणि तो शोधून काढता येतो.

आता औषधाचं बघू. 'कोणतं औषध देऊ' असं विचारताना आपण एक गोष्ट धरून चालतो: झाडाला काहीतरी कमी पडतंय, ते दिलं की झाड उठेल. कधीकधी ते खरं असतं. पण वाढ खुंटलेलं झाड बहुतेक वेळा उपाशी नसतं, त्याला खाता येत नसतं. मूळ काम करत नसेल तर ठिबकमधून सोडलेलं खत तिथेच पडून राहतं, क्षार वाढतात आणि कोवळ्या मुळांची टोकं करपतात. दुप्पट १९:१९:१९ ने खालच्या रोपांचं भलं झालेलं नाही, थोडं नुकसानच झालं असेल. म्हणून आज पहिलं काम हे की ठिबकमधून कोणतंही खत-औषध सोडणं आठ दिवस बंद ठेवा. कुणी बाटली हातात दिली तरी घेऊ नका.

दुसरी एक समजूत तुमच्या पत्रात नाही, पण बहुतेकांच्या मनात असते, म्हणून बोलते. रोप आज अडलं असलं तरी पुढे भरून काढेल, असं आपल्याला वाटतं. वांग्याच्या बाबतीत ते चालतं. वांगं महिनाभर अडलं तरी पुढे चार-सहा महिने हातात असतात. झेंडूचं सगळं आयुष्यच चार महिन्यांच्या आसपास. त्यात बुटका मखमली फ्रेंच झेंडू दिवस लहान आहे की मोठा हे बघतच नाही. वयात आला की फुलतो, मग झाड केवढंही असो. तुम्ही लावलेला मोठ्या गेंदाचा आफ्रिकन झेंडू दिवसाची लांबी थोडीफार बघतो. दिवस लहान होऊ लागले की त्याला कळीची घाई होते. आपल्याकडे सांगलीला जूनच्या अखेरीस दिवस साधारण १३ तासांचा असतो, सप्टेंबरच्या अखेरीस १२ तासांवर येतो. जूनमध्ये लावलेलं रोप आधी अंग धरतं आणि मग फुलतं. ऑगस्टमध्ये लावलेल्याला तेवढी सवड नसते. अंग धरलं नाही तरी वय वाढतच जातं, आणि त्या वयाला कळी येतेच. त्यामुळे वीतभर झाडावर कळी येणं हा रोग नाही. रोगच झाला असं समजून फवारण्यांच्या मागे लागलं की पैसा जातो आणि त्याहून वाईट म्हणजे दिवस जातात.

मग काय करायचं? मुळं बघायची. उद्या सकाळी खुरपं आणि पाण्याची बादली घेऊन शेतात जा. खालच्या पट्ट्यातली पाच-सहा खुंटलेली रोपं, मधली दोन आणि वरची दोन चांगली रोपं मातीसकट खणून काढा. ओढू नका, ओढलं की बारीक मुळं मातीतच राहतात आणि जे बघायचं तेच दिसत नाही. चांगली रोपं काढताना जीव तुटेल, तरी काढा. चांगलं मूळ कसं दिसतं हे शेजारी ठेवल्याशिवाय वाईट मूळ ओळखता येत नाही. बादलीत हलक्या हाताने धुवा आणि सगळी एका पोत्यावर ओळीने मांडा.

आता एकेक बघा. मुळांचा गोळा अजून ट्रेच्या कप्प्याच्याच आकाराचा असेल, मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली असतील आणि त्या गोळ्याबाहेर मातीत फारच थोडी गेली असतील, तर रोप ट्रेमध्येच म्हातारं झालं होतं. झेंडूचं रोप ९८ किंवा १०४ कप्प्यांच्या ट्रेमध्ये २० ते २५ दिवसांत लावायला तयार होतं. तुमची रोपं त्यावर दोन आठवडे थांबली. एवढ्याशा कोकोपीटमध्ये मुळं गुंडाळली जातात, खोड कडक होतं आणि काही रोपांना ट्रेमध्येच बारीक कळी धरते. तशी रोपं लावताना कळी खुडायची असते, गोळा खालून बोटाने थोडा मोकळा करायचा असतो. हे तुम्हाला नर्सरीवाल्यांनी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, यात तुमचा दोष नाही.

पण रोपाचं वय हेच एकमेव कारण असतं तर वरची रोपंही अशीच थांबली असती, कारण तीही त्याच ट्रेमधली. म्हणून मला खालच्या अंगाबद्दल जास्त शंका आहे. तिथली मुळं तपकिरी पडलीत का बघा. मूळ चिमटीत धरून हलकं ओढलं की वरची साल निसटून आत दोऱ्यासारखा तंतू उरतो का? नाकाजवळ नेलं तर कुजका वास येतो का? तसं असेल तर तिथे पाणी तुंबलंय आणि मुळांना हवा मिळालेली नाही.

याची खात्री करायला खालच्या कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी बघा. खड्ड्यात आपोआप पाणी पाझरून आलं असेल तर तुमच्या झेंडूची मुळं पाण्याच्या अगदी डोक्यावर बसली आहेत. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या भागात हे नवं नाही. वर्षानुवर्षं उसाला पाटाने भरपूर पाणी दिलं गेलं, काळी चिकण माती, निचरा नाही. पाण्याची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षार वर आले. उन्हाळ्यात तुमच्या त्या खालच्या अंगाला पांढरी फूट (क्षाराचा पापुद्रा) दिसते का, हे सासूबाईंना विचारा. त्यांना नक्की आठवेल. ऊस हे सगळं बरंचसं सोसतो आणि थोड्या कमी उताऱ्यावर वेळ मारून नेतो, त्यामुळे जमीन बिघडत चाललीय हे लवकर कळत नाही. झेंडूची मुळं उथळ आणि कोवळी. त्याने महिनाभरात सांगून टाकलं.

तुंबलेल्या जागी पहिला इलाज चराचा. खालच्या बाजूने दीड-दोन फूट खोल चर काढून त्याचं तोंड ओढ्याला किंवा ओघळीला नेऊन सोडा. दोन बेडांमधल्या सऱ्याही थोड्या खोल करून त्या चरात उतरवा. वाफसा येईपर्यंत त्या पट्ट्याच्या लॅटरलचे (ठिबकच्या नळ्यांचे) कॉक बंद ठेवा. पावसाळ्यात खत सोडायचं म्हणून भिजलेल्या जमिनीत आणखी तासभर ठिबक चालवतात, त्याने तुंबलेलं आणखी तुंबतं. वरची माती सुकून पापुद्रा धरला की हलकी खुरपणी करा म्हणजे हवा आत जाईल. मल्चिंग पेपर टाकला असेल तर त्या पट्ट्यात तो कडेने उचलून ठेवा. खत द्यावंसंच वाटलं तर फक्त पानांवरून द्या, १९:१९:१९ लिटरला ५ ग्रॅम. नवी पांढरी मुळं दिसायला लागेपर्यंत जमिनीतून काही नको.

तिसरी शक्यता तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात त्यात आहे: पाचट आणि बुडखे मातीत मिसळले. पाचट कुजवणं चांगलंच, मी स्वतः पाचट जाळू नका असं सतत सांगते. पण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडं. ते कुजवणारे जीवाणू आपल्या वाढीसाठी मातीतलंच नत्र उचलतात, आणि कुजणं पूर्ण होईपर्यंत ते पिकाला मिळत नाही. अशा जागी मुळं पांढरी आणि चांगली पसरलेली दिसतात, पण झाड फिकट असतं आणि खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. हे दिसलं तर मात्र तुमचा पहिला अंदाज बरोबर, झाड खरंच उपाशी आहे. आठ दिवसांची बंदी संपली की तिथे २० गुंठ्यांना एका वेळी दोन-अडीच किलो युरिया ठिबकमधून, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा द्या. भारी टॉनिकची गरज नाही. मुळं तपकिरी असलेल्या पट्ट्यात हे करू नका, तिथे त्याचा उपयोग होणार नाही.

खालची नाही तर शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्याकडच्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत ती नेहमीची आहे, आणि मुळं तुंबली की आणखी दिसते. चिलेटेड लोह पानांवर फवारा, लेबलवरच्या प्रमाणातच.

आणि एक गोष्ट नीट आठवून बघा. उसात तणनाशक कधी आणि कोणतं मारलं होतं? ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन ही उसात चालतात, पण त्यांचा अंश जमिनीत राहिला तर पुढच्या रुंद पानाच्या पिकाला बाधतो. टू-फोर-डीचं तर विचारूच नका. शेजारच्या उसात कुणी वाऱ्यात मारलं आणि त्याचा तुषार तुमच्या रोपांवर आला, किंवा ज्या पंपाने ते मारलं तोच पंप नुसता विसळून तुम्ही झेंडूला वापरलात, तरी पुरे. पानांचे देठ पिळवटलेले, पानं अरुंद आणि वेडीवाकडी, शेंडा वाकलेला दिसत असेल तर शंका तिकडेच घ्या. भावकीत पंप सगळ्यांचा मिळून असतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. भाजीपाल्याचा आणि फुलांचा पंप वेगळा ठेवा, त्याला टू-फोर-डीचा वाससुद्धा लागता कामा नये. जमिनीतल्या अंशाची तपासणी घरी होते. दोन डब्यांना खाली भोकं पाडा, एकात खालच्या पट्ट्यातली माती, दुसऱ्यात बांधावरची, जिथे कधी औषध पडलं नाही अशी. दोन्हीत मेथी टाका आणि दोन आठवडे बघा. बांधावरची मेथी ताजी आणि शेतातली पिवळी पडून बसली तर उत्तर मिळालं.

रोगांचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या वर्णनात ते दिसत नाहीत. खोड जमिनीजवळ उभं चिरून बघा. आत तपकिरी पट्टा असेल तर मूळकूज किंवा मर. ते झाड वाचत नाही, काढून शेताबाहेर टाका आणि आजूबाजूला ट्रायकोडर्माची (उपयुक्त बुरशीची) आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. फुलंच हिरवी, पानांसारखी आणि झाड झुडपासारखं गच्च झालं असेल तर तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग, तेही झाड उपटायचं. दुकानात कुणी सूत्रकृमीचं (मुळांवरच्या बारीक कृमींचं) महागडं औषध सुचवलं तर घाई करू नका. टोमॅटोतले सूत्रकृमी कमी व्हावेत म्हणून आपण झेंडूच मधे लावतो, तेव्हा संशयाच्या यादीत ते अगदी शेवटी.

मुळं बघून झाली की शेताचा एक कच्चा नकाशा वहीच्या पानावर काढा आणि खुंटलेली रोपं कुठे आहेत त्यावर खुणा करा. हे मी सगळ्याच वाचकांना सांगते, पीक कोणतंही असो. खुणा सखल भागात गोळा झाल्या तर पाणी. एखादी ओळच्या ओळ थांबली असेल तर ती लॅटरल किंवा तिचे ड्रिपर तपासा. शेजारच्या उसाच्या कडेलाच असतील तर तुषार. इकडे एक तिकडे एक अशा विखुरल्या असतील तर रोपातच खोट. आणि सगळं शेत सारखंच बसलं असेल तर रोपाचं वय नाहीतर खत. दुकानात जाताना हे पान सोबत न्या. चांगला दुकानदार ते बघून तुम्हाला आधी दोन प्रश्न विचारेल, बाटली नंतर काढेल.

आता निर्णयाचं, कारण दिवस थोडे आहेत. यंदा (२०२६) गणपती १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता. यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने तो अठरा दिवस पुढे गेलाय. ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, तिचा फायदा घ्या. शेंडा आणि कळी खुडल्यावर बाजूचे फुटवे निघून त्यांच्यावर विक्रीजोगी फुलं यायला साधारण सहा आठवडे लागतात. सप्टेंबरच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत खुडलं तर दसरा गाठता येतो. दहा तारखेनंतर खुडू नका, मग जे येईल ते दिवाळीकडे जाईल.

पण सगळीकडे एकच निर्णय घेऊ नका. तुमचं शेत आज एक शेत नाही, तीन तुकडे आहेत.

वरच्या अंगाला झाडं चांगली आहेत. तिथे अजून शेंडा खुडला नसेल तर या आठवड्यात खुडा, फुटवे येऊ द्या. तो तुमचा दसऱ्याचा माल.

मधल्या भागात झाड लहान आहे पण मुळं पांढरी आहेत, तिथे कळ्या काढून टाका. हे करताना घरच्यांना पटणार नाही. आलेलं फूल हाताने तोडून टाकायचं म्हणजे वेडेपणा वाटतो. पण त्या वीतभर झाडावर एक-दोन फुलं येतील, हलकी आणि बारीक. झेंडू किलोवर विकला जातो. गणपतीत भाव चांगला असला तरी तोडणीची मजुरी आणि सांगलीला किंवा कोल्हापूरला न्यायचं भाडं वजा जाता हातात फारसं उरत नाही, आणि फूल पोसण्यात झाडाची उरलेली ताकद जाते. कळी काढली तर ती ताकद फुटव्यांना मिळते. झाडं कमरेएवढी होणार नाहीत, गुडघ्याएवढी झाली तरी दसऱ्याला तोडा मिळेल.

खालच्या पट्ट्यात मुळं कुजली आहेत तिथे मात्र सासूबाईंचं म्हणणं मला पटतं. ती झाडं आता उठणार नाहीत. त्यांच्या कळ्या फुलू द्या, गणपतीला जेवढी फुलं निघतील तेवढी काढा, घरच्या गौरीला ठेवा, उरलेली विका, आणि मग ती झाडं काढून टाका. गटाचा हप्ता जवळ आला असेल तर या चार पैशांची मदतही होईल. तिथे खत, टॉनिक, फवारणी, कशावरही यापुढे खर्च करायचा नाही.

मधे-मधे पडलेल्या खाड्यांत नवी रोपं लावायची असतील तर तीही याच आठवड्यात, आणि २०-२५ दिवसांचीच. ती दसऱ्याला मिळणार नाहीत, दिवाळीला मिळतील. लहान होत जाणाऱ्या दिवसांत ती फार पसरत नाहीत, त्यामुळे नेहमीपेक्षा जवळ, फुटावर लावली तरी चालतं. खालच्या पट्ट्यात चर निघून खड्ड्यातलं पाणी उतरेपर्यंत एकही नवं रोप लावू नका.

आता भाऊजींचं बोलणं. "मोडा आणि ऊस लावा" यात त्यांचाही एक हिशोब आहे, तो अगदीच चुकीचा नाही. उसाला कारखाना आहे, माल कुठे न्यायचा ही चिंता नाही. पण आज मोडून काय साधणार? आडसालीचा हंगाम ऑगस्टबरोबर संपला. पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. म्हणजे दसऱ्याचा माल काढून, फार तर लक्ष्मीपूजनाचा तोडा करूनही उसाची वेळ हातात राहते. झेंडू मोडायची घाई करण्याचं कारण नाही, हे त्यांना तारखांसकट सांगा. आणि दुसरं सांगा ते अधिक महत्त्वाचं: खालचा पट्टा तुंबतोय तो झेंडूमुळे नाही. तिथे परत ऊस लावून परत पाटाने पाणी दिलं तर पाच-दहा वर्षांत तो ऊससुद्धा पोसणार नाही. जमीन घरातल्या सगळ्यांची आहे. त्यांना शेतात बोलवा, खड्ड्यातलं पाणी दाखवा, मुळं हातात द्या. आणि चर काढायला त्यांनाच हाक मारा. दोन फुटांचा चर एकट्या बाईने काढायचं काम नाही, आणि जो माणूस चर काढतो तो पुढे त्या पिकाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

साताऱ्याच्या वाचकांसाठी दोन शब्द. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला माती तांबडी, जांभ्याची आणि आम्लधर्मी असते. तिथे झेंडू बसला आणि पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके आले तर बहुधा लोह-मँगेनीज कमी नसून जास्त झालेलं असतं. सामू तपासून चुना द्यायचा असतो, वर आणखी सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारली तर त्रास वाढतो. गच्चीवर कुंडीत लावणाऱ्यांनी कुंडीची भोकं बुजली नाहीत ना एवढं आधी बघावं. आणि झेंडूचं बी सरळ मोठ्या कुंडीत पेरावं, म्हणजे रोप लावताना मूळ दुखावण्याचा प्रश्नच येत नाही.

पुढच्या वर्षी रोपं घेताना, ताई, नर्सरीला दोन गोष्टी सांगा. बी कधी पेरलं ती तारीख बिलावर लिहून द्या, आणि पावसाने लागण लांबली तर २५ दिवसांवरची रोपं मी घेणार नाही. ट्रे उचलण्याआधी चार-पाच रोपं काढून मुळं बघा. पांढरी, मोकळी आणि गोळा धरून ठेवण्याइतपतच असायला हवीत. एखाद्या ट्रेमध्ये कळी दिसली तर तो ट्रे परत. आणि सगळी चार हजार रोपं एकाच दिवसाच्या पेरणीची मागवू नका. आठवड्याच्या अंतराने पेरलेल्या दोन खेपा ठेवा. एक पावसात सापडली तर दुसरी हातात राहील.

या आठवड्यात आणखी एक काम. मातीचे दोन नमुने घ्या, वरच्या अंगाचा वेगळा आणि खालचा वेगळा. दोन्ही एकत्र मिसळून एकच पिशवी पाठवू नका, मग जो फरक शोधायचा तोच पुसला जातो. चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करून कडेची माती घ्या, सावलीत वाळवा, अर्धा किलो ठेवा. सोबत विहिरीच्या पाण्याची बाटली. मिरज तालुक्यातल्या कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात चौकशी करा, साताऱ्याकडच्यांनी बोरगावच्या केंद्रात. सामू आणि क्षारता दोन्ही तपासायला सांगा. नुसती खारवट जमीन असेल तर निचरा करून, गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे असतात, सामू ८.५ च्या वर जाऊन जमीन चोपण (सोडियम वाढून घट्ट, निचरा नसलेली) झाली असेल तरच जिप्समचा उपयोग. तेव्हा अहवाल हातात येण्याआधी कुणी जिप्समची पोती आणायला लावली तर थांबा.

मुळं बघून झाल्यावर आणि चर काढल्यावर खड्ड्यातलं पाणी किती उतरलं, ते मला कळवा. अहवालाची प्रतही पाठवा. त्या खालच्या पट्ट्यात पुढे काय लावायचं ते आपण आकडे समोर ठेवून ठरवू.